दोघं आत, एक बाहेर

“कच्चा दोरा दिलास?”

दादा बोलले आणि माझ्या हातातला चहा हिंदकळून बशीत सांडला. अंगावरून वारं गेल्यापासून, अख्खा आषाढभर, माझ्या बापानं ‘हं’ आणि ‘नको’ याच्यापलीकडे शब्द काढला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचं, मी भरवलं तर चार घास खायचे, की पुन्हा भिंत. आणि आज तोंड खिडकीकडे, आणि तोंडात थेट भांडण.

“कुणाला दिला दोरा?” मी विचारलं.

त्यांनी डावा हात उचलून बाहेर दाखवलं. आमच्या परसात अंजिराचं झाड आहे, फार उंच नाही, हात वर केला की शेंडा लागतो. त्याच्या खालच्या फांदीवर शिंपी पक्षी बसला होता. चिमणीहून लहान, हिरवट पाठ, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी ताठ वर. चोचीत लाल दोरा. आमच्याच दुकानातला, मी झाडून मागं टाकलेल्या चिंध्यांतून उचललेला. एका मोठ्या पानाच्या दोन कडा जवळ ओढून, त्यांना भोकं पाडून तो दोरा ओवायचं काम चाललं होतं.

“लाल रीळ… कच्चं आहे,” दादा म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द लडबडत यायचे, पण धार तीच. “रंग सुटेल. बिचाऱ्याचं… काम नासेल.”

“मी कशाला देऊ? तिनंच उचलला. आणि बिचारा नाही, बिचारी. त्यांच्यात शिवणकाम बायकाच करतात.”

“गाठ मारते?”

“नाही मारत.”

“मारते,” दादा म्हणाले. “गाठ नाही… तर टाका नाही.”

हे वाक्य मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आले होते. फलटणच्या बाजारपेठेत आमचं दुकान, पतंगे टेलर्स. पुढच्या बाजूला दादा पुरुषांचे कपडे शिवायचे, मधल्या खोलीत मी बायकांचे ब्लाउज, आणि मागं आमचं घर नि परस. आई गेली, धाकटा विलास नोकरीला पुण्यात गेला, माझं लग्न काही जमलं नाही आणि पुढं पुढं मीही कुणाला जमवू दिलं नाही. उरलो बापलेक. दिवसभर दोन मशिनी खडखडायच्या आणि मधल्या दारातून आमची भांडणं. लहानपणी मला त्यांनी पहिल्यांदा सुई दिली तेव्हा मी विचारलं होतं, तो पक्षी शिवतो तो गाठ मारतो का हो? “मारणारच. शिंप्याच्या जातीचा आहे,” दादा म्हणाले होते. मी म्हटलं होतं, त्याला हात कुठं आहेत गाठ मारायला? त्यावर डोक्यात टपली बसली होती. वाद तिथंच राहिला होता.

आता त्यांचाच उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. कात्रीचा हात. “माझी कात्री गेली,” एवढं दवाखान्यात म्हणाले आणि मग बोलणंच सोडलं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, “पायात जीव आहे, मनात नाही. आत्ता उठून चालले तर चालले. नाहीतर पाय विसरेल चालायचं, मग खाट कायमची.” व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. दादा तिला बघितलं की डोळे मिटून घ्यायचे. चार दिवसांनी ती कंटाळून यायची थांबली.

विलास येऊन बघून गेला होता. वाईट नाही तो, उगीच कशाला बोलू. पण जाताना ओट्यावर बसून म्हणाला, “अक्का, तू एकटी किती करणार? रात्री-अपरात्री काय झालं तर? गौरी-गणपतीला येतो. तोवर दादा आपल्या पायांनी परसात जायला लागले असतील, तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर दोघांनी पुण्याला चलायचं. दुकानाला कुलूप. तू काय, तिकडंही ब्लाउज शिवशील.”

“आणि दादा तिकडं काय करतील?” मी विचारलं.

“इथं काय करतायत?”

तो बरोबर बोलत होता, त्यामुळे मला फार राग आला. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात, जिथं ना रस्ता दिसतो ना गिऱ्हाईक, दादा दिवाळी बघतील की नाही याची मला खात्री नव्हती. मनात म्हटलं, मी हे होऊ देणार नाही. कसं, ते काही ठाऊक नव्हतं.

आणि आता दादा गाठीवरून भांडत होते. माणूस भांडतोय म्हणजे जिवंत आहे. मी ती संधी अशी धरली जशी दुकान बंद करताना आलेलं गिऱ्हाईक धरतात.

“पैज लावता?” मी म्हटलं. “फोटो काढून दाखवते. गाठ आहे की नाही, बघाच.”

“पानाला हात लावू नको. घरटं टाकेल.”

“लांबून काढीन.”

दादांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, “काढ.” आणि भिंतीकडे वळले नाहीत.

* * *

नझीरचाचांचा फोटो स्टुडिओ आमच्या समोरच. दादांचे बालमित्र. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे लग्नाआधीचे फोटो त्यांच्या स्टुडिओतला एकच काळा कोट घालून काढलेले आहेत. तो कोट दादांनी शिवलेला. मागून उघडा, पाठीला नाड्या, त्यामुळे काडीपैलवानालाही बसायचा आणि पाटलालाही. चाचांना तरुणपणी पाखरांच्या फोटोंचा नाद होता, हे मला माहीत होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून जुना कॅमेरा काढला, नळकांड्याएवढी लेन्स काढली, पुसली, आणि बटण कुठलं, फिरवायचं काय, हे दाखवलं.

“लपण लागेल,” ते म्हणाले. “म्हणजे दडून बसायला खोपटं. कापडाचं कर, चार बांबूंवर. समोर लेन्सपुरतं भोक. आणि ऐक, पोरी, लपणात एकटीनं जाऊन बसायचं नाही. रानातली लाजरी पाखरं आत गेलेलं माणूस विसरत नाहीत. बाहेर येईस्तोवर फिरकत नाहीत. तेव्हा दोघांनी जायचं, आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही. त्यांना वाटतं, गेली माणसं.”

“दोघं आत, एक बाहेर,” मी म्हटलं.

“बरोब्बर. पण शिंप्यासाठी काही…” चाचा पुढं काहीतरी बोलत होते. मी तोवर कॅमेरा पदराखाली घेऊन निम्मा रस्ता ओलांडला होता. माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं.

शाळेच्या गणवेशाचं खाकी कापड उरलेलं होतं. त्या दुपारी गौरीच्या ब्लाउजांचा गठ्ठा बाजूला सारला आणि लपण शिवायला घेतलं. आता पतंग्यांच्या घरात गोणपाटाला दाभणानं टाके घालायची पद्धत नाही. चारी कोपऱ्यांना दुहेरी शिलाई, खाली पट्टी, दाराला पायपिंग. लेन्ससाठी भोक पाडलं आणि त्याला हातानं काज केलं, कोटाला करतात तसं, फक्त मुठीएवढं. खाटेवरून दादा बघत होते. मध्येच म्हणाले, “काज… दाट घाल.” मी दाट घातलं. परसाच्या कोपऱ्यात बांबू रोवून लपण चढवलं, एक स्टूल आत ठेवलं आणि तोऱ्यात दादांकडे आले.

“झालं. चला.”

“कुठं?”

“लपणात. दोघांनी आत जायचं असतं.” नझीरचाचांनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं.

“शेजारच्या… बेबीला ने.”

“बेबीमावशी तोंड बंद ठेवेल? पाखरं फलटण सोडून जातील.”

दादांच्या तोंडाची चांगली बाजू किंचित हलली. हसले असावेत. “मला… जमणार नाही.”

“जाताना मी धरते की.”

“आणि येताना?”

“येताना तुम्ही एकटे. मी बरोबर आले तर आत कोण बसणार?”

खिडकीबाहेर ती मादी टुविट टुविट करून डोकं उठवत होती. मी वाट बघितली. आयुष्यात एवढी वाट मी कुणाची बघितली नाही.

“काठी दे,” दादा म्हणाले.

नेलं त्यांना. मागच्या दारापासून लपणापर्यंत अंतर ते किती, धुणं वाळत घालायची तार होती तेवढंच. पण उजवा पाय फरपटत होता, निम्मा भार माझ्या खांद्यावर, आणि आम्ही दोघंही घामाघूम. लपणापाशी पोचलो आणि माझी अक्कल बाहेर पडली. दार मी माझ्या मापाचं बेतलं होतं. दादांना खांद्यातून वाकता येईना, काठी अडकली, पायपिंग टरकन् उसवलं.

“माप घेतलं होतंस?” दादा धापा टाकत म्हणाले.

मी मान खाली घातली.

“माप न घेता… कापड कापलं. पतंग्याच्या पोरीनं.”

एवढं अख्खं वाक्य! मला त्या शिव्यांचा पेढ्यासारखा आनंद झाला. तिथंच त्यांना धुण्याच्या दगडावर बसवलं, गळ्यातला टेप काढला आणि त्यांचं माप घेतलं. जन्मभर ज्या माणसानं गावाची मापं घेतली, त्याचं माप कुणी घेतलं नव्हतं. मी खांद्यावर टेप धरला तेव्हा त्यांनी सवयीनं ताठ व्हायचा प्रयत्न केला, गिऱ्हाइकाला सांगायचे तसा. छाती केवढी आत गेली होती. त्यांनी आकडा विचारला, मी वाढवून सांगितला. त्यांनी टेपवर बोट ठेवून खरा आकडा वाचला. मी त्या संध्याकाळी दाराला कळी टाकून ते रुंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आत बसलो. दादांना तिथं बरं वाटत होतं. काजातून एक डोळा लावून त्यांनी पान बघितलं. “लांब आहे. गाठ दिसत नाही,” म्हणाले. मग मी कुजबुजले, “आता निघा.”

ते बाहेर पडले. डाव्या हातात काठी घ्यायची की तार धरायची, हा प्रश्न. त्यांनी काठी बगलेत मारली आणि तार पकडली. एक पाऊल. थांबले. उजवा पाय ओढला. पुन्हा थांबले. तारेवर माझं लुगडं वाळत होतं, ते बाजूला सारायला त्यांना मेहनत पडली. लपणाच्या मागच्या बाजूला मी एक दुसरं काज केलं होतं, दाराकडे बघणारं. तिथून बघत मी पदर तोंडात कोंबून बसले होते. दारापर्यंत पोचायला त्यांना एवढा वेळ लागला की चुलीवरचं दूध उतू गेलं. ते उतू जाऊ दिलं मी.

संध्याकाळी विचारलं, “आला फोटो?”

“आज ऊनच नव्हतं,” मी म्हटलं. “उद्या.”

उद्या पाखरू पाठमोरं होतं. परवा ढग. तेरवा मांजर आलं. श्रावणात कारणांना काय तोटा? पण रोज सकाळी आम्ही दोघं आत जायचो आणि एकटे दादा बाहेर यायचे. घरटं तयार झालं, त्यात अंडी पडली असावीत, कारण मादी तासन्‌तास पानाच्या पिशवीत बसायची आणि तिची शेपटी तेवढी वर दिसायची. दादा तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. “आज उशिरा आली,” “आज नर ओरडत होता,” असं जेवताना सांगायचे. जेवताना, म्हणजे आता बसून, डाव्या हातानं, आपले आपण.

मग तो दिवस आला. रात्री सर पडून गेली होती आणि धुण्याच्या दगडाभोवती शेवाळ. मी आतून मागच्या काजाला डोळा लावला होता. दादांनी त्या दिवशी पहिल्यांदा तार सोडली. मुद्दाम. मी बघत होते, बोटं एकेक करून उघडली. काठी हातात घेऊन दोन पावलं टाकली आणि ती शेवाळावरून सटकली. ते कोसळले.

मी लपणातून अर्धी बाहेर आले होते. “दादा!”

“आत जा!” चिखलात पडल्या पडल्या ते ओरडले. पूर्वी दुकानात कारागीर होते, त्यांच्यावर दादा चढायचे तेव्हाचा हा आवाज. “पाखरू उडेल! आत जा म्हणतो ना!”

“अहो, लागलंय तुम्हाला…”

“शालन. आत.”

मी आत गेले. काय सांगू, आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. बाप चिखलात पडलाय, कोपरातून रक्त येतंय, आणि मी खाकी कापडाच्या आत स्टुलावर बसून बघतेय. ते कुशीवर वळले. गुडघा जवळ घ्यायचा प्रयत्न केला, नाही जमला. पुन्हा केला. धुण्याच्या दगडापर्यंत सरपटले, त्यावर डावा हात रोवला, आणि तसेच राहिले. मला वाटलं, संपलं, आता उठत नाहीत. मी देवाला काय काय कबूल केलं ते अजून फेडतेय. मग त्यांनी दगडाला एक शिवी घातली, चांगली घसघशीत, आईच्या वेळेपासून घरात बंदी असलेली, आणि उठले.

तार धरली नाही. दारात पोचून वळले, लपणाकडे बघितलं आणि काठीनं खूण केली: काढ फोटो.

* * *

रोल संपला तसा मी तो नझीरचाचांकडे दिला आणि गणपतीच्या तयारीला लागले. पाखराचा फोटो काढला होता, खरंच काढला होता, एका उन्हाच्या सकाळी. दादा आता तारेशिवाय जायचे-यायचे. हळू, पाय थोडा घासत, पण जायचे. विलासला तसं कळवून मी निर्धास्त होते. विलास येईल, बघेल, दोन मोदक जास्त खाईल, जाईल.

विलास आला तो गौरी यायच्या आदल्या दिवशी, घाईत, हातात मोठी रिकामी बॅग घेऊन. ती बॅग बघूनच मी समजले. दादा खाटेवर बसले होते. विलासनं पाया पडून, मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलतात तसं म्हटलं, “काय दादा! चालता म्हणे आता! चला, उठा, चालून दाखवा बघू!” आणि टाळ्या वाजवल्या.

मेला. टाळ्या वाजवल्या.

दादांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

“दादा, अहो उठा ना,” मी म्हटलं. “दादा, पाया पडते तुमच्या. आत्ताच्या आत्ता एकदा तरी.” भिंत. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की हा बॅग घेऊन आलाय. ते भिंतीलाच म्हणाले, “मी अस्वल नाही.”

विलास ओट्यावर माझ्याजवळ आला. खरंच त्याचे डोळे भरले होते. “अक्का, का खोटं कळवलंस? मला काय हौस आहे? तू स्वतःला फसवतेयस. गौरी उठल्या की निघू.” आणि तो कपाट उघडून दादांचे सदरे बॅगेत भरायला लागला. घडी करून, नीट. शिंप्याचंच पोर ना.

मी शपथ घेतली असती तरी त्यानं मान हलवली असती. मला बापाचा राग आला, भावाचा आला, आणि त्या टीचभर पाखराचाही आला.

तेवढ्यात दुकानातून हाक आली, “शालन, आहेस का गं?” नझीरचाचा हातात पाकीट घेऊन आत आले. “अगं पोरी, तुला पाखराचे फोटो काढायला कॅमेरा दिला होता. हे काय काढून ठेवलंयस? पाखरू एकाच फोटोत. बाकी सगळा तुझा बाप, मुरलीधर!”

माझा चेहरा गोरामोरा झाला. मला खरंच वाटलं होतं की दोन-चार असतील. मागच्या काजाला कॅमेरा लावून बघताना बोट कधी दाबलं जायचं, माझं मला कळायचं नाही.

चाचांनी फोटो एकेक करून टेबलावर मांडले, पत्ते मांडतात तसे. लांब नळकांड्याची लेन्स, त्यामुळे अख्खा माणूस एकातही मावला नव्हता. एकात नुसती मूठ, तारेला करकचून धरलेली. एकात पाठ, घामानं चिकटलेला सदरा. एकात बोटं तारेपासून सुटलेली, वीतभर अंतर. एकात चिखलानं भरलेलं कोपर आणि दगडावर रोवलेला पंजा. आणि एकात नुसतं पाऊल. उजवं. जमिनीपासून वर उचललेलं, खाली त्याची सावली वेगळी पडलेली.

विलास सदरा हातात धरून उभा होता. त्यानं तो पावलाचा फोटो उचलला आणि पुष्कळ वेळ बघितला. “हा… हा कुठला पाय आहे, अक्का?”

“उजवा,” मी म्हटलं. “वारं गेलेला.”

“आणि पाखराचा फोटो कुठं आहे?” मागून कुणीतरी विचारलं.

“हा काय,” चाचांनी न बघता तो फोटो मागं दिला.

“चष्मा… दे गं माझा.”

मी चष्मा दिला. दादा फोटो खिडकीच्या उजेडात धरून, डोळे बारीक करून बघत होते. अंजिराचं पान, त्याची शिवलेली कड, लाल दोऱ्याचे टाके आणि पिशवीच्या तोंडातून डोकावणारी चोच. रंग सुटला नव्हता. “गाठ नाही,” ते पुटपुटले. “नझीर, बघ. प्रत्येक टाका वेगळा. भोकातून काढून… टोक पिंजून ठेवलंय. फुलवलंय. तेच अडकून बसतं. गाठ नाहीच.” त्यांनी मान हलवली. “आणि टिकलं. पिल्लांच्या वजनानं सुद्धा टिकलं.”

“हरलास का रे मुरली?” चाचा म्हणाले.

“हरलो.”

विलासच्या हातातला सदरा गळून पडला. “दादा,” तो म्हणाला, “तुम्ही उठून आलात.”

खरंच की. खाट पलीकडच्या भिंतीला. आणि दादा टेबलापाशी, आमच्या मध्ये, उभे. काठी खाटेलाच टेकलेली.

“मग?” दादा म्हणाले. “फोटो काय चालत येणार होता माझ्याकडे?”

नझीरचाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. विलास बॅग उलटी करून सदरे परत कपाटात ठेवू लागला, आणि ठेवता ठेवता रडत होता, आणि मी त्याला म्हणत होते, घड्या मोडतायत, नीट ठेव.

गौरी उठल्या, विलास गेला. संध्याकाळी मी आणि दादा मागच्या पायरीवर बसलो होतो. घरट्यातली पिल्लं त्याच दिवशी उडाली होती आणि पान रिकामं हलत होतं.

“शालन,” दादा म्हणाले, “शिंपी पक्षी माणसाला भितो होय गं?”

मी अंजिराकडे बघत म्हटलं, “असेल बाई. मला काय ठाऊक.”

“माझ्या मशिनीच्या खिडकीत, जास्वंदीवर, लागोपाठ तीन पावसाळे घरटं केलं होतं यानं. हातभर अंतरावर. मशीन खडखडायची आणि हा आपला शिवतोय. तू तारेवर धुणं घालायचीस तर तुझ्या डोक्यावर बसून ओरडायचा. त्याला कसलं लपण लागतंय?”

माझे कान तापले. म्हणजे पहिल्या दिवसापासून यांना माहीत होतं. लपण खोटं, दोघं आत जायचं खोटं, पाखरू उडेल हे तर सपशेल खोटं. आणि त्या दिवशी चिखलातून ओरडून मला आत पाठवलं, तेही माहीत असून.

“मग चाललात कशाला?” मी विचारलं. माझे डोळे वाहायला लागले होते, ते मी पुसले नाहीत.

दादांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“एवढं जीव ओतून शिवलं होतंस,” ते म्हणाले. “काज सुद्धा दाट घातलंस. उसवायला जीव होईना माझा.”

त्यानंतर दादा पुष्कळ वर्षं जगले, इथेच, आणि डाव्या हातानं कात्री चालवायलाही शिकले, वाकडीतिकडी का होईना. तो पावलाचा फोटो मी दुकानात लावलाय. नवीन गिऱ्हाइकं हात जोडतात. एका म्हातारीनं विचारलं, कुठल्या महाराजांचं पाऊल गं हे? म्हटलं, पतंगे महाराजांचं, फार कडक होते. तिनं हळदकुंकू वाहिलं, मी वाहू दिलं.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. पिल्लं गेली होती, पैज संपली होती, कॅमेरा नझीरचाचांना परत दिला होता. मी लपण काढायला म्हणून परसात निघाले, तर दादा काठी घेऊन दारात उभे.

“चल,” ते म्हणाले. “दोघं आत, एक बाहेर.”

आम्ही आत जाऊन बसलो. मग ते उठले, आणि मी काजाला डोळा लावला.